तीन घरं, तीन वह्या

गुरुवार, रात्री साडेदहा. जुळ्यांच्या आजीने निघताना आग्रहाने डबल चहा पाजला, आता झोप काही येत नाही, तर बरेच दिवस लिहायचं राहिलेलं लिहून टाकते.

मी शिकवायचे ती आमची प्लेस्कूल गेल्या जूनमध्ये उघडलीच नाही. पुरेशा ॲडमिशन झाल्या नाहीत, ग्रुपवर एक मेसेज आला आणि दुसऱ्या दिवशी ग्रुपच बंद. मग आधीच्या एका पालकांनी विचारलं की तोपर्यंत आमच्याकडे दुपारी मुलं सांभाळायला याल का, म्हटलं येते, नाहीतरी घरी बसून काय करणार, आणि असं करत करत आता इथे पुण्यातच सकाळी बावधनचं बाळ, दुपारी कर्वेनगरची चार वर्षांची जुळी आणि शनिवार-रविवार कोथरूडचा सात वर्षांचा पोरगा. त्याची आई नर्स आहे, ड्युटी लागते तशी मला बोलावते. एजन्सी वगैरे काही नाही, सगळं ओळखीतून.

बावधनच्या बाळाची आई आयटीत. बाळंतपणाची रजा २०१७ पासून २६ आठवडे झाली, त्याआधी १२ होती, म्हणजे खूपच बरं. पण गंमत बघा, २६ आठवडे म्हणजे सहा महिने, आणि डॉक्टर वरचं खाणं सुरू करायला सांगतात तेही सहा महिने झाले की. म्हणजे आईचा लॅपटॉप उघडायला आणि बाळाचं तोंड उघडायला एकच मुहूर्त. भाताची पेज, मुगाचं पाणी, नाचणीचं सत्त्व हे पहिले सगळे घास त्या पोरीला मीच भरवलेत. कायद्यात ५० किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसने पाळणाघराची सोय करायची असंही आहे, यांच्या कंपनीची आहे म्हणे हिंजवडीला, पण एवढ्याशा बाळाला रोज त्या वाकडच्या ट्रॅफिकमधून नेऊन आणायचं कोणी? कायदा करणाऱ्याने एकदा सकाळी नऊला तिकडून जाऊन बघावं.

आता ती दहा महिन्यांची आहे. सत्त्व भरवताना चमचा तिच्याच हातात लागतो, तो उलटा धरून ती आधी स्वतःच्या केसांना लावते, मग माझ्या ओढणीला, आणि तोंडात गेलेलं फुर्र करून उडवते. मी दुसरा चमचा ठेवते, तिचं लक्ष पहिल्याकडे असताना दुसऱ्याने भरवायचं. लातूरची आजी व्हिडिओ कॉलवर बघत असते, "अगं जरा मध घाल, खाईल बघ." वर्षाच्या आत मध नाही म्हणजे नाही, डॉक्टरांची लिस्ट फ्रीजवर चिकटवलेली आहे, पण आजींना तसं तोंडावर कसं सांगणार, मी आपली "हो हो आजी" म्हणते आणि घालत नाही.

याच घरात मंगळवारी एका शाळेचा फोन आला. मार्चमध्ये सीव्ही दिला होता. आणि आमच्या बाळबाई नुकत्याच खांद्यावर झोपलेल्या, पाऊण तास थोपटून. खाली ठेवलं की उठणार हे शंभर टक्के. मी बाथरूमच्या दारात उभी राहून कुजबुजतेय, "हो मॅडम, ईसीसीईचा, लहान मुलांच्या शिक्षणाचा डिप्लोमा झालाय... सहा वर्षांचा अनुभव..." आणि पलीकडून मॅडम, "जरा मोठ्याने बोला हो, ऐकू येत नाहीये." शेवटी सांगितलंच की खांद्यावर बाळ झोपलंय. त्या हसल्या, सोमवारी अकराला डेमोला बोलावलंय.

कर्वेनगरचं घर एकदम वेगळं. बावधनला आजीचा व्हिडिओ कॉल सोडला तर स्क्रीन अजिबात नाही, तर इथे आजींची सिरीयल चालू असते आणि त्यातच दोघांचं जेवण. मी हळूहळू एवढंच केलंय की टीव्हीकडे पाठ करून बसवते आणि चिऊ-काऊचे घास. एक म्हणतो काऊचा घास मला नको, मग दुसरीलाही नको, मग कोणीतरी मांजराचा घास काढायचा. दोघांना सेम ताटली लागते, आणि सेम असली तरी त्याची माझी नाही म्हणून रडायचं. आजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यांना यांच्यामागे पळता येत नाही, पण सूचना सोफ्यावरून येतच असतात. परवा म्हणाल्या, "एवढी शिकलेली तू, हे कसलं काम गं करतेस?" मी काही बोलले नाही. डिप्लोमाला आम्ही बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांवर पान-पानभर उत्तरं लिहिली होती, १९४५ ला डहाणूजवळच्या बोर्डीला काम सुरू केलं, मुलं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची. पेपरात लिहिलं तर ते थोर कार्य आणि मी तेच अकराव्या मजल्यावरच्या हॉलमध्ये केलं तर "बसायचंच तर असतं मुलांजवळ"! बरं, ताराबाईंशी बरोबरी करत नाहीये, त्या कुठे मी कुठे. पण काम मुलांचंच ना.

प्रत्येक घराची एक वही केलीये. काय खाल्लं, किती झोपले, शी झाली का, काय नवीन केलं. वही त्या त्या घरीच राहते. आणि एका घरातलं दुसऱ्या घरी बोलायचं नाही, अगदी कौतुकसुद्धा नाही, कारण "तिकडची पोरगी स्वतःच्या हाताने खाते" असं बोलून गेलं की इकडच्या आईचा चेहरा पडतो.

मुलांचा त्रास नाही हो, खरंच. त्रास पैशांचा. श्रावणात जुळ्यांना हॅंड फूट माऊथ झालं, तळहातावर आणि तोंडात फोड. त्याला खास औषध असं नसतं, आठवडा-दहा दिवसांत आपोआप जातं, पण पसरतं भराभर, आणि माझी सकाळ एका तान्ह्या बाळाजवळ. मी त्याच दिवशी बावधनला फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या थॅंक्यू सांगितलंत, आता बरं होईपर्यंत येऊ नका. बरोबरच आहे, मी आई असते तरी हेच म्हटलं असतं. महिन्याच्या शेवटी त्यांनी ते सगळे दिवस कापले. आणि कर्वेनगरच्या आईने घरी राहायला रजा टाकली होती, म्हणून त्यांनीही कापले! म्हणजे आजार एकाकडचा, काळजी दुसऱ्याकडची आणि खिसा माझा. न सांगता गुपचूप दोन्हीकडे गेले असते तर पूर्ण पगार मिळाला असता, हे मला तेव्हा जे लागलं ना. दिवाळीत पुन्हा तेच, एक घर कोकणात, एक घर आजोळी, आणि माझ्या घराचं भाडं मात्र जागच्या जागी.

मग दिवाळीनंतर मी सरळ मेसेज टाईप करून तिन्ही घरी पाठवला. महिना फिक्स. माझ्या सुट्ट्या माझ्या, त्या कापा. तुमच्या सुट्टीचे पैसे तुम्ही द्यायचे, कारण ती वेळ मी तुमच्यासाठी धरून ठेवते, दुसऱ्या कोणाला देत नाही. संसर्गाचा आजार आला तर ज्या घरी आलाय त्यांनी पूर्ण द्यायचे आणि ज्यांनी येऊ नका सांगितलं त्यांनी निम्मे. पाठवून फोन उलटा ठेवून दिला. नर्सबाईंचा पाच मिनिटांत "अगदी योग्य" असा रिप्लाय, तिला ड्युटी आणि रजा म्हणजे काय ते माहीत आहे. बावधनने एक दिवस घेतला आणि हो म्हणाले. कर्वेनगरला आठवडा लागला, त्यात कामवाल्या मावशींना असं नसतं हे ऐकून घेतलं. त्यांनाही असायला पाहिजे, हे मात्र मी तोंडावर बोलले.

ई-श्रमचं, म्हणजे असंघटित कामगारांच्या सरकारी नोंदणीचं कार्डही काढून ठेवलंय, १२ आकडी नंबर आला, पर्समध्ये आहे. अजून तरी त्याने काही हललं नाही.

आता सोमवारचं. डेमो अकराला आणि अकराला मी बावधनला असते. आज सांगितलं, तर त्या म्हणाल्या मी वर्क फ्रॉम होम घेते, जा तुम्ही, ऑल द बेस्ट, पण सिलेक्ट झालात तर आधी मला सांगा हं, लगेच दुसरं कोणी मिळणार नाही. शाळेचा पगार तिन्ही घरांच्या बेरजेपेक्षा कमीच असणार हे आत्ताच दिसतंय. तरी एका जागी काम, बरोबरीच्या चार बायका, डबे एकत्र खायचे, याची मला फार आठवण येते. पण आमच्या आधीच्या शाळेत मे महिन्याचा पगार नसायचा आणि तेव्हा कोणी विचारायचंही नाही. यावेळी गोष्टीचा डेमो, पपेट वगैरे सगळं होऊ दे, मग पहिला प्रश्न मी विचारणार, मेचा पगार देता का? नाही म्हणाले तर त्यांनाही मेसेज तयार आहे.