त्याच दिवशी घरपोच: बाजार मोजताना आलेला अनुभव

लोकांच्या फावल्या वेळावर आणि त्यांच्याच गाड्यांवर चालणाऱ्या ‘त्याच दिवशी घरपोच’ सेवेला वाव किती, हे ठरवायला बसलं की लोकसंख्येला टक्केवारीने गुणायचा मोह होतो. माझा पहिला तक्ता तसाच होता आणि तो फेकून द्यावा लागला. एका चौरस किलोमीटरमध्ये, एका तासात किती ऑर्डरी पडतात, हे त्यात कुठेच नव्हतं.

दुसरा तक्ता मिनिटांचा केला. धरलेले आकडे असे: दुकानापर्यंत 6 मिनिटं, माल हातात पडेपर्यंत 7, ग्राहकापर्यंत 10, जिना-लिफ्ट-ओटीपी धरून 4. एकूण 27, म्हणजे तासाला दोनहून थोड्या जास्त डिलिव्हऱ्या. मधे पुढच्या ऑर्डरीसाठी 15 मिनिटं थांबावं लागलं की फेरा 42 मिनिटांचा होतो आणि आकडा दीडच्याही खाली येतो. त्याच दुकानातून शेजारशेजारच्या दोन ऑर्डरी उचलल्या तर मात्र दुसरीसाठी 5 मिनिटं प्रवास आणि 4 मिनिटं दारावर, एवढंच वाढतं. 36 मिनिटांत दोन, तासाला तीनच्या वर.

रायडरला पेट्रोल वजा जाता परवडेल अशा तासाच्या कमाईला या आकड्याने भागलं की दर ऑर्डरचा खर्च निघतो. ग्राहकाकडून घेतलेला आकार आणि दुकानाचं कमिशन मिळून तो भरून निघत नसेल, तर ऑर्डरी वाढवून तोटाच वाढतो.

ऑर्डरी किती दाट पडतात याचा परिणाम मोजायला एक जुनं सूत्र कामी आलं: विखुरलेल्या पत्त्यांचा सर्वांत छोटा फेरा म्हणजे ढोबळमानाने क्षेत्रफळ गुणिले पत्ते, त्याचं वर्गमूळ, गुणिले 0.71. 25 चौ. किमी.मध्ये 25 पत्ते असले तर सुमारे 18 किमी. 100 असले तर 36. पत्ते चौपट, अंतर दुप्पट, दर पत्त्यामागे निम्मं. हे सरळ रेषेतलं अंतर आहे; रस्त्याने जास्तच पडतं.

हा फायदा ऑर्डरी साठवू दिल्या तरच मिळतो. ‘तासाभरात’ असं वचन दिलं की साठवायला वेळच उरत नाही. दुपारी दोनपर्यंतच्या ऑर्डरी संध्याकाळी पाच ते नऊमध्ये, हे वेळापत्रक मला जास्त पटतं. ग्राहक तेव्हा घरी असतो आणि जोडधंदा म्हणून येणारे रायडरही त्याच वेळी मोकळे होतात.

मागणी कोणाच्या हातात, हा पुढचा प्रश्न. नुसतं रायडरांचं जाळं विकणाऱ्यांचा इतिहास बघून मी अंदाज खाली आणला. 2012 मध्ये निघालेली डेलिव्ह ही अमेरिकी कंपनी 2020 मध्ये बंद झाली. उबरची माल पोचवायची सेवा, उबररश, 2014 ते 2018 एवढीच चालली. ॲमेझॉन फ्लेक्स (2015) आणि वॉलमार्टचं स्पार्क (2018) ही अशीच रायडरांची जाळी, पण त्यांच्यामागे स्वतःच्याच ऑर्डरींचा ढीग आहे. अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानसाखळीने 2017 मध्ये शिप्ट ही घरपोच सेवा विकत घेतली, यूपीएस या पार्सल कंपनीने 2021 मध्ये रोडी ही तशीच सेवा. नव्या माणसाने आधी रोज ठरावीक माल देणारी दुकानं बांधून घ्यावीत, ॲप नंतर.

तक्त्यात सहज निसटणाऱ्या गोष्टीही आहेत. पावसात ऑर्डरी वाढतात आणि रायडर घटतात, कारण येण्याचं बंधन कोणावरच नसतं. त्या दिवसाचा वाढीव दर आणि थोडे ठरलेल्या पाळीचे लोक हिशेबात धरावेच लागतात. दुकानातली 7 मिनिटं सणासुदीला 20 होतात. माल बांधून झाल्यावरच रायडरला बोलवायचं, ही अट करारात हवी. खासगी गाडीच्या विम्यात भाड्याने माल नेणं बहुतेकदा बसत नाही. रायडर कामगार की कंत्राटदार, यावर कायदा बदलला की दर ऑर्डरचा खर्चही बदलतो, म्हणून दोन्ही बाजूंचा हिशेब ठेवला.

आणि दार बंद असलं की तीच ऑर्डर परत दुकानात न्यावी लागते. त्या फेऱ्याचे पैसे कोण देणार, हे कमिशन ठरवतानाच लिहून घेतलं.