खिचडीच्या रांगेतलं जोडाक्षर

आज सकाळी गोवंडी, दुपारी धारावी. मुंबई महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड अशा आठ माध्यमांत चालतात. साधनव्यक्ती म्हणून, म्हणजे शिक्षकांना शिकवण्यात मदत करायला, शाळांमधून फिरताना एका दिवसात दोन-तीन भाषा सहज कानावर पडतात.

धारावीत तिसरीतली एक मुलगी जोडाक्षर आलं की गप्प व्हायची. बाईंनी तिला फळ्यापाशी बोलावलं नाही. खिचडीच्या रांगेत तिच्या मागे उभ्या राहिल्या आणि तळहातावर बोटाने ‘स्ता’ काढला. ‘रस्ता,’ ती हळूच म्हणाली. मग ‘सस्ता’, मग ‘नाश्ता’! ‘श्ता’ वेगळा हे बाईंनी नंतर सांगितलं, आधी पाठ थोपटली. मला फार भरून आलं.

याच बाईंकडे मतदार यादीचंही काम आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २७ नुसार शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कामं देता येतात. कायदा मान्य, पण त्या दिवसांत या मुलीचा हात कोण धरणार?

निघताना बाई म्हणाल्या, “ताई, पुढच्या वेळी जोडाक्षरांची कार्डं आणाल का?”

आत्ता तीच कापत बसलेय. चाळीस झाली.