गीझर आणि पंप ऑटोमेशनवर घेताना: रिलेने फक्त हुकूम द्यावा, करंट काँटॅक्टरने वाहावा

२ किलोवॉटचा गीझर २३० व्होल्टवर साधारण ८.७ अँपिअर घेतो, ३ किलोवॉटचा १३. स्मार्ट बोर्डाच्या हुकमाने वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या छोट्या निळ्या रिले मॉड्यूलवर ‘१० अँपिअर, २५० व्होल्ट’ छापलेलं असतं, म्हणून लहान गीझर त्यावर चालेल असं वाटतं. काही दिवस चालतोही. पण तो आकडा रिलेच्या काँटॅक्टचा, म्हणजे आतल्या जुळणाऱ्या धातूच्या टोकांचा आहे. बोर्डावरचा तांब्याचा पातळ ट्रॅक आणि छोटा स्क्रू टर्मिनल किती झेपवतील, हे तो सांगत नाही. जोडणीत ०.१ ओहमचा रोध आला, तरी १३ अँपिअरला त्या एका ठिकाणी सुमारे १७ वॉट उष्णता तयार होते. टर्मिनलचं प्लास्टिक तपकिरी पडतं ते यामुळेच. १६ अँपिअरचा स्मार्ट प्लग २ किलोवॉटला चालतो, मात्र सॉकेट घट्ट हवं. ३ किलोवॉटला तो लावू नये.

पंपाचं प्रकरण आणखी अवघड. १ एचपीची सिंगल फेज मोटर चालताना ६-७ अँपिअर घेते, पण सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या पाच-सहा पट. नेमका तेव्हाच रिलेचा काँटॅक्ट जुळताना किंचित उसळतो, ठिणगी पडते आणि तो चिकटतो. मग ॲपवर ‘बंद’ दिसतं आणि टाकी वाहत राहते.

म्हणून डीबीमध्ये (घरातल्या विजेच्या मुख्य पेटीत) २५ अँपिअरचा, २३० व्होल्ट कॉइलचा, दोन पोलचा मॉड्युलर काँटॅक्टर, म्हणजे मोठा करंट जोडणारा-तोडणारा भक्कम स्विच, बसवा. स्मार्ट रिलेने फक्त कॉइल (काँटॅक्टर ओढणाऱ्या विद्युतचुंबकाची गुंडाळी) चालवायची. तिला काही वॉटच लागतात. विकत घेताना बाजूवरचे बारीक आकडे वाचा. ‘एसी-७ए’ म्हणजे हीटरसारखा लोड, तिथे २५ अँपिअर. ‘एसी-७बी’ म्हणजे घरगुती मोटर, आणि तिथे हाच काँटॅक्टर साधारण साडेआठ-नऊ अँपिअरचाच असतो. १ एचपीला तो पुरतो, २ एचपीला नाही.

गीझरची जोडणी अशी: २ किलोवॉटला १६ अँपिअरचा एमसीबी आणि २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर. ३ किलोवॉटला २० अँपिअर आणि ४ चौरस मिलिमीटर. एमसीबीतून फेज-न्यूट्रल दोन्ही काँटॅक्टरमधून गीझरकडे न्यावेत, अर्थिंग मात्र कुठेही न तोडता थेट. कॉइलच्या ए१ ला रिलेतून आलेला फेज, ए२ ला न्यूट्रल. हा न्यूट्रल त्याच आरसीसीबीच्या (करंटची गळती झाली की वीज तोडणाऱ्या स्विचच्या) खालचा घ्या. दुसऱ्या सर्किटचा घेतला तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी विनाकारण ट्रिप होत राहतो आणि दोष बिचाऱ्या गीझरला लागतो. गीझरचा थर्मोस्टॅट आणि थर्मल कटआउट यांना अजिबात हात लावू नका. काम मेन बंद करून, परवानाधारक वायरमनकडूनच.

कॉइल बंद होताना व्होल्टेजचा झटका येतो आणि वाय-फाय बोर्ड रीसेट होतो. त्यासाठी १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड (एक्स२, म्हणजे थेट मेन्सवर लावता येणाऱ्या दर्जाचा कपॅसिटर) यांचा स्नबर, म्हणजे झटका शोषणारी जोडी, कॉइलला समांतर लावा. रिलेच्या काँटॅक्टला समांतर लावला, तर रिले उघडा असतानाही त्यातून सुमारे ७ मिलिअँपिअर वाहतात. तेवढ्यावर लहान काँटॅक्टर गुणगुणत राहतो, कधी सुटतच नाही.

पंपाला डीओएल स्टार्टर (मोटर थेट पूर्ण व्होल्टेजवर सुरू करणारी, स्टार्ट-स्टॉप बटणांची पेटी) असेल तर तो काढू नका. त्यातला ओव्हरलोड रिले मोटर वाचवतो. नेमप्लेटवरच्या करंटएवढा तो सेट करा. स्टार्ट बटणाला एक एनओ (एरवी उघडा) रिले समांतर, स्टॉपला एक एनसी (एरवी जोडलेला) रिले सिरीजमध्ये, आणि दोन्हींना एकेका सेकंदाचा पल्स. टास्मोटामध्ये (स्मार्ट रिले बोर्डावर चालणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये) त्यासाठी ‘पल्सटाइम’ १० ठेवायचा (लहान आकड्यांना एकक ०.१ सेकंद). वीज गेली की स्टार्टर सुटतो आणि परत आल्यावर आपोआप सुरू होत नाही. आपल्याकडच्या विजेच्या लपंडावात हा फार मोलाचा गुण आहे. बोअरवेलच्या अनेक सबमर्सिबल पॅनेलमध्ये मात्र स्टार्ट बटण दाबलेलं असेपर्यंत स्टार्ट कपॅसिटर जोडलेला राहतो, तिथे ही जोडणी तशीच उचलू नका.

गावाकडे व्होल्टेज पडतं, तेव्हा आणखी एक त्रास. काँटॅक्टर ओढला जाण्याची हमी कॉइलच्या ८५ टक्के व्होल्टेजपर्यंतच असते, म्हणजे सुमारे १९५ व्होल्ट. त्याखाली तो थरथरू शकतो आणि काँटॅक्ट जळतात. म्हणून १९५ च्या खाली सुरू करण्याचा हुकूमच जाऊ देऊ नका, आणि व्होल्टेज सुधारल्यावर दोन-तीन मिनिटं थांबा.

बंद करण्याची वेळ सर्व्हरवर सोपवू नका. वाय-फाय गेलं तरी बोर्डाने स्वतः लोड तोडला पाहिजे. गीझरच्या रिलेला टास्मोटात ‘पल्सटाइम’ १९०० दिला, की ३० मिनिटांनी तो सुटतो (११२ पासून पुढे आकड्यातून १०० वजा केले की सेकंद मिळतात). ‘पॉवरऑनस्टेट’ (वीज परत आल्यावर रिलेची स्थिती) ०, म्हणजे बंद. टास्मोटाऐवजी ईएसपीहोम हे तसंच दुसरं सॉफ्टवेअर वापरत असाल तर ‘ऑल्वेज ऑफ’.

सॉलिड स्टेट रिलेचा (हलते काँटॅक्ट नसलेल्या इलेक्ट्रॉनिक रिलेचा) मोह टाळा. १३ अँपिअरला तो १५ वॉटच्या आसपास तापतो, हीटसिंक मागतो, आणि बिघडला की बहुधा शॉर्ट होऊन, म्हणजे लोड चालूच ठेवून बिघडतो.

काँटॅक्टरही कधीतरी चिकटतो. लोडच्या वायरवर सीटी (वायरीभोवती बसणारी, करंट मोजणारी कडी) असलेलं पीझेम-००४टी मीटर बसवा आणि नियम लिहा: हुकूम ‘बंद’ असून पाच सेकंदांनंतरही ०.५ अँपिअरपेक्षा जास्त करंट दिसला, तर फोनवर अलार्म. तो वाजला की एमसीबी हाताने पाडायचा आणि काँटॅक्टर बदलायचा. ठोकून सुटला म्हणून पुन्हा वापरायचा नाही.