रिकाम्या वेल्सचा जांभळा रंग

पीएचडीचं दुसरं वर्ष, पुण्यातला मे महिना. इन्क्युबेटरमधून पेशींची, बारीक खळग्यांची (त्यांनाच वेल्स म्हणतात) प्लेट बाहेर काढली आणि मी जागच्या जागी उडी मारायची तेवढी बाकी होती.

काम असं होतं: माणसाच्या त्वचेच्या पेशींना हिरव्या चहातलं ईजीसीजी हे रसायन द्यायचं, मग त्यांच्यावर यूव्हीबी (उन्हातले अतिनील) किरण सोडायचे आणि किती जगतात ते बघायचं. किरण सोडताना प्लेटचं झाकण काढायचं, कारण ते प्लास्टिकच यूव्हीबी अडवतं. (सुरुवातीला ते न काढता मी आठवडाभर ‘पेशी मरतच नाहीत’ म्हणून हैराण होते, पण तो किस्सा वेगळा.) शेवटी एमटीटी नावाच्या रसायनाचं द्रावण घालायचं. जिवंत पेशी त्या पिवळ्या द्रावणाचं जांभळं करतात, मेलेल्या करत नाहीत. जितका गडद रंग, तितक्या पेशी वाचल्या.

नुसते किरण खाल्लेल्या वेल्स फिकट होत्या. ईजीसीजीवाल्या मात्र गर्द, पिकल्या जांभळासारख्या. किरण न लागलेल्या पेशींपेक्षाही गर्द! खरं तर तिथेच शंका यायला हवी होती. रंग किती गडद ते मी यंत्रावर ५७० नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजलं, ग्राफ काढला आणि धावत माझ्या गाइड मॅडमकडे गेले.

मॅडमनी ग्राफ पाहिला. कौतुक नाही, काही नाही.

“एमटीटी घालण्याआधी ईजीसीजी धुऊन काढलंस?”

“नाही, मॅडम.”

“मग आत्ता जा. रिकाम्या प्लेटमध्ये नुसतं मीडियम आणि ईजीसीजी घाल, वर एमटीटी. पेशी नकोत.”

तीन तास काढायचे होते. कँटीनमध्ये दोन कटिंग झाले. परत येऊन प्लेट उचलली तर रिकाम्या वेल्स जांभळ्या. मॅडम मागे येऊन उभ्या होत्या. “पेशीच नाहीत, तर जगलं कोण गं?”

ईजीसीजी स्वतःच इलेक्ट्रॉन देऊन टाकणारं रसायन. आपण त्याला अँटिऑक्सिडंट म्हणतो ते त्याच गुणामुळे, आणि त्याच गुणाने ते एमटीटीलाही परस्पर जांभळं करत होतं. ज्या गुणाच्या शोधात मी होते, त्यानेच मला बनवलं. त्या रात्री हॉस्टेलवर जेवण गेलं नाही.

पुढचा महिना सगळं नव्याने. ईजीसीजी द्यायचं, किरण सोडण्याआधी बफरने दोनदा धुवायचं, कारण ते वर तरंगत राहिलं तर थोडे किरण स्वतःच शोषून घेतं आणि पेशींना सावली मिळते. एमटीटीवर भिस्त न ठेवता, फक्त मेलेल्या पेशींना निळं करणाऱ्या ट्रिपॅन ब्लू या रंगाने मेलेल्या पेशी मायक्रोस्कोपखाली एकेक मोजल्या. डोळे चुरचुरले, पण फरक होता. पहिल्या ग्राफच्या मानाने अगदी लहान, तरी वेगवेगळ्या दिवशी तीनदा तसाच आला. ईजीसीजी मिळालेल्या पेशी कमी मेल्या.

आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, “म्हणजे चहा प्यायला की ऊन लागत नाही?” तिला म्हटलं, आपला उकळलेला चहा काळ्या पत्तीचा. ती पत्ती तयार होतानाच बरंचसं ईजीसीजी दुसऱ्या रसायनांत बदलतं. आणि मी पेशींवर थेट ओततेय, तू पितेस. छत्री घेऊनच बाजारात जा.

तो पहिला ग्राफ अजून माझ्या वहीत चिकटवलेला आहे. त्यावर मॅडमच्या लाल पेनाने एकच शब्द लिहिलाय: ‘पेशी?’