पावसाळ्यात चेनला वेट ल्यूबच

पावसात सिंहगड, ताम्हिणीकडे सायकल काढणार असाल तर चेनला वेट ल्यूबच (पाण्यात टिकणारं घट्टसर वंगण) घाला. ड्राय ल्यूब (लावल्यावर सुकणारं वंगण) कोरड्या धुळीत मस्त चालतं, चेन स्वच्छ राहते, पण जोरदार सर आली की धुऊन जातं आणि चेन कुरकुरायला लागते. वेट ल्यूब टिकतं, फक्त चिखलमाती पण धरून ठेवतं. आणि नुसतं बाहेरून चोपडून काही होत नाही हो, ते रोलरच्या (चेनच्या कड्यांमधल्या छोट्या फिरत्या नळीच्या) आत पिनपर्यंत जायला हवं, म्हणून पेडल उलटं फिरवत प्रत्येक रोलरवर एकेक थेंब सोडायचा, थोडा वेळ मुरू द्यायचं, मग जुन्या बनियनच्या फडक्याने बाहेरचं सगळं पुसून काढायचं. खोबरेल तर नकोच, 24 अंशांच्या खाली थिजतं ते! दिवाळीनंतर मी परत ड्राय ल्यूबवर येतो, पण आधी चेन डिग्रीजरने (तेलकटपणा काढणाऱ्या द्रावाने) धुऊन पूर्ण वाळवून घेतो.