क्षय झालेला शुक्रवार

समजा, शनिवारी दुपारी दोनला तुम्ही पागो पागोहून विमानात बसलात. खाली पॅसिफिक, विमान छोटं. अर्ध्या-पाऊण तासात फालेओलोला उतरावं, तर तिथे रविवार! मधे ना रात्र झाली, ना झोप. परतीची गंमत याहून भारी. रविवारी संध्याकाळी निघायचं आणि शनिवारी संध्याकाळी घरी पोचायचं.

या दोन विमानतळांमधलं हवाई अंतर आहे जेमतेम १५० किलोमीटर. माणसं सामोअन, भाषा तीच, सोयरिकी इकडून तिकडे. फक्त फालेओलो ज्या उपोलू बेटावर आहे ते स्वतंत्र सामोआत, आणि पागो पागोचं तुतुइला बेट १९०० पासून अमेरिकेकडे. दोहोंच्या मधून आंतरराष्ट्रीय वाररेषा जाते. फरक बरोब्बर २४ तासांचा, त्यामुळे घड्याळाच्या काट्यांना हातही लावावा लागत नाही. तबकडीवर तीनच्या आकड्याशेजारी तारखेची इवलीशी खिडकी असते ना, तेवढी एक घर पुढे सरकवली की झालं.

आपल्याकडे याचं फार नवल वाटायला नको. पंचांगात एखाद्या तिथीचा क्षय होतो, एखादीची वृद्धी होते, आणि आपण निमूटपणे त्याप्रमाणे उपास धरतो. पण तिथे हिशोब सूर्य-चंद्राच्या गतीचा. सामोआत तो गिऱ्हाइकांचा होता. १८९२ साली व्यापाराचं तोंड अमेरिकेकडे होतं, म्हणून त्यांनी ४ जुलै लागोपाठ दोनदा पाळला आणि अमेरिकेच्या तारखेला जाऊन मिळाले. (वृद्धीसाठी दिवस तरी कुठला निवडावा!) पुढे देवघेव ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी वाढली. सामोआत शुक्रवारी कचेऱ्या उघडाव्यात तर तिकडे शनिवारची सुट्टी. तिकडे सोमवारी कामं सुरू व्हावीत तर इकडे रविवार, सगळे चर्चमध्ये. आठवड्यातले दोन दिवस असेच वाया. मग २०११ साली त्यांनी वाररेषा ओलांडली. २९ डिसेंबरचा गुरुवार संपला आणि एकदम ३१ तारखेचा शनिवार उजाडला. शुक्रवारचा क्षय.

याच सरकारनं २००९ मध्ये रस्त्यावरची वाहतूक उजवीकडून डावीकडे आणली होती, तीही ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या स्वस्त गाड्या चालाव्यात म्हणून. तेव्हा वार बदलणं त्यांना फारसं जड गेलं नसावं. न उजाडलेल्या शुक्रवारचा पगार मात्र द्यायचा, असंही मालकांना बजावलं होतं. हे मला सगळ्यात आवडलं.

खरी पंचाईत झाली ती सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींची. त्यांचा विश्रामवार शनिवार, म्हणजे आठवड्याचा सातवा दिवस. पण मधला एक वारच गाळल्यावर सातवा कुठला धरायचा? काहींनी दिवस मोजले. त्यांचा सातवा नव्या रविवारी आला. काहींनी कॅलेंडर पाहिलं आणि शनिवारच धरला. एकाच पंथाची माणसं, पण प्रार्थनेचे वार दोन. रविवारवाल्यांची बाजू मला थोडी भक्कम वाटते, कारण ते प्रार्थनेला बसतात त्या घटकेला तिकडे तुतुइलावर शनिवारच असतो.