एडिटर अडकायचा आणि अक्षरंही फुटायची

लिनक्सचं नेहमीचं अपडेट झालं, लॅपटॉप रिस्टार्ट केला आणि व्हीएस कोड हा कोड लिहायचा एडिटर उघडला, तर डावीकडची फाइलींची यादी व्यवस्थित आणि मधे कोडच्या जागी चिंध्या. काही अक्षरं अर्धी कापलेली, काहींच्या जागी रंगीत ठिपके, आकड्यांचे नुसते चौकोन. माउस ज्या ओळीवर जाईल ती ओळ तेवढी सुधारायची. खाली स्क्रोल करून परत वर आलं की पुन्हा तेच.

टायपिंगही त्याच सुमारास जड झालं होतं. की दाबायची, क्षणभर काहीच नाही, मग चार-पाच अक्षरं एकदम पडायची. दोन्ही तक्रारी हातात हात घालून आल्यामुळे ऑफिसात एकच निदान ठरलं. "अरे, रॅम वाढव," असं शेजारच्या टेबलावरून आलं. आमच्याकडे सगळ्या दुखण्यांवर हेच औषध आहे. मशीनमध्ये १६ जीबी रॅम होती आणि तिच्यातली निम्म्याहून जास्त रिकामी होती, म्हणून ते बाजूला ठेवलं.

हा एडिटर इलेक्ट्रॉनवर चालतो, म्हणजे आत एक अख्खा क्रोमियम ब्राउझर आणि त्याच्या जोडीला ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा नोड. दिसायला एक खिडकी असली तरी मागे बऱ्याच प्रोसेस, म्हणजे वेगवेगळे चालू प्रोग्रॅम असतात. एक खिडकी रंगवते, एक ग्राफिक्स कार्डाशी बोलते, एक एक्स्टेन्शनं, म्हणजे वरून बसवलेल्या जादा सोयी चालवते, एक फाइलींवर नजर ठेवते, एक टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी सांभाळते. त्यामुळे "एडिटर बिघडलाय" म्हणण्याला फारसा अर्थ नाही. यातलं नेमकं कोण बिघडलंय, एवढंच शोधायचं असतं.

आधी अक्षरं घेतली. टर्मिनलवरून 'कोड --डिसेबल-जीपीयू' असा, म्हणजे ग्राफिक्स कार्ड न वापरता, एडिटर सुरू केला. अक्षरं स्वच्छ! म्हणजे फाइल ठीक, फॉन्ट ठीक, गडबड ग्राफिक्सच्या वाटेवर. बरेच जण इथेच थांबतात आणि 'आर्गव्ही डॉट जेसन' या फाइलमध्ये हार्डवेअर ॲक्सिलरेशन कायमचं बंद करून टाकतात. मला ते पटत नाही. ग्राफिक्स कार्ड बाजूला केलं की सगळी रंगरंगोटी सीपीयूच्या गळ्यात पडते, आणि मोठ्या मॉनिटरवर लांब फाइल स्क्रोल करताना ते लगेच जाणवतं. तो पर्याय तपासणीपुरता ठीक आहे.

अपडेटच्या यादीत ग्राफिक्सचे ड्रायव्हर होते, धागा तिथे सापडला. पडद्यावर चित्र काढण्यासाठी लागणारे छोटे प्रोग्रॅम, म्हणजे शेडर, एकदा तयार केले की क्रोमियम ते साठवून ठेवतो, दर वेळी नव्याने करायला नको म्हणून. होम फोल्डरमधल्या लपलेल्या 'डॉट कॉन्फिग'मध्ये 'कोड' नावाचं फोल्डर असतं, त्यात 'जीपीयूकॅश'. ड्रायव्हर बदलला की हा जुना साठा बाद व्हायला हवा. कधी कधी होत नाही, आणि नवा ड्रायव्हर जुन्या मालावर काम करायला जातो. एडिटर पूर्ण बंद केला, ते फोल्डर उडवण्याऐवजी त्याचं नाव बदलून ठेवलं आणि एडिटर नेहमीसारखा उघडला. त्याने स्वतःच नवीन फोल्डर तयार केलं. ग्राफिक्स कार्ड चालू असूनही अक्षरं जागच्या जागी. 'कोड --स्टेटस' दिलं की कोणतं काम कार्डावर चाललंय आणि कोणतं सीपीयूवर, याची यादी येते. तीही पाहून घेतली.

टायपिंग मात्र होतं तसंच जड.

खरं तर 'डिसेबल-जीपीयू' असतानाही टायपिंग तेवढंच अडकत होतं, म्हणजे या दुखण्याचा पडद्याशी संबंध नव्हता हे तेव्हाच दिसलं होतं. हेल्प मेन्यूमध्ये कोणती प्रोसेस किती सीपीयू खाते ते दाखवणारा प्रोसेस एक्स्प्लोरर आहे. तो शेजारी उघडा ठेवला आणि आमच्या ॲपमधल्या बाजारभावांची मोठी जेसन फाइल (यात माहिती कंसांत मांडलेली असते) उघडून टाइप करत राहिलो. बाकी सगळे शांत, पण एक्स्टेन्शन होस्टचा, म्हणजे एक्स्टेन्शनं चालवणाऱ्या प्रोसेसचा सीपीयू वापर दर दाबलेल्या कीबरोबर शंभराला भिडत होता.

इथे मी अडलो. कारण या एडिटरची रचनाच अशी की एक्स्टेन्शनं वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतात, आणि त्यांतलं एखादं कितीही रेंगाळलं तरी टायपिंग थांबू नये. सूचना उशिरा येतील, लाल रेघा उशिरा उमटतील, पण अक्षर उमटायला हवं. मग माझं अक्षर कशासाठी थांबत होतं?

उत्तर 'जे' या कीने दिलं. मी व्हिमची, म्हणजे माउसशिवाय नुसत्या कीबोर्डवर चालणाऱ्या जुन्या एडिटरची सवय असलेला माणूस. एडिटरमध्येही व्हिमसारखं चालणारं एक्स्टेन्शन वापरतो. तिथे 'जे' दाबलं की कर्सर एक ओळ खाली जातो. ती की दाबून धरली, तर कर्सर जागीच उभा. बोट उचललं, आणि मग तो एकटाच खाली जायला लागला, ओळीमागून ओळ, मी कीबोर्डवरून हात काढून बघत बसलेला. व्हिमचं एक्स्टेन्शन बंद केलं आणि तीच फाइल, तेच टायपिंग, एकदम मोकळं.

म्हणजे दोष व्हिमचा? नाही. सीपीयू तेव्हाही तेवढाच वापरला जात होता, फक्त मला त्याची झळ लागत नव्हती. व्हिमसारखं चालायचं तर प्रत्येक की आधी एक्स्टेन्शनकडे जावी लागते. हे अक्षर लिहायचंय की ही आज्ञा आहे, ते तिथे ठरतं, आणि मग उत्तर परत येतं. आणि एक्स्टेन्शन होस्ट म्हणजे एसटी स्टँडवरची एकच उघडी खिडकी: सगळी एक्स्टेन्शनं त्याच रांगेत. पुढच्याने पास काढायला वीस कागद पसरले की मागे सुटे पैसे हातात धरून उभा असलेलाही तेवढाच खोळंबतो.

कागद पसरणारा शोधायला कमांड पॅलेटमध्ये, म्हणजे नाव टाइप करून आज्ञा द्यायच्या पट्टीत, 'स्टार्ट एक्स्टेन्शन बायसेक्ट' आहे, आणि माझ्या मते ही या एडिटरमधली सगळ्यात कमी वापरली जाणारी चांगली सोय आहे. ती निम्मी एक्स्टेन्शनं बंद करून विचारते, त्रास आहे का? उत्तराप्रमाणे उरलेल्यांची पुन्हा निम्मी वाटणी. ३२ एक्स्टेन्शनं असली तरी पाच फेऱ्यांत एकावर बोट येतं. एकेक बंद करत बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

बोट आलं ते कंस रंगवणाऱ्या एका जुन्या एक्स्टेन्शनवर. ते सेटिंग्ज सिंकबरोबर जुन्या लॅपटॉपवरून आलेलं. जोडीचे कंस एकाच रंगात दाखवण्याची सोय २०२१ पासून एडिटरमध्येच आहे आणि ती फाइलमध्ये जिथे बदल झाला तेवढंच नव्याने बघते. हे जुनं मात्र एकेका अक्षराला बराचसा भाग पुन्हा चाळत होतं. छोट्या फाइलींत ते कळायचंही नाही. बाजारभावांच्या फाइलीत कंसच कंस. ते काढून टाकलं. शिवाय 'एक्स्टेन्शन्स डॉट एक्स्पेरिमेंटल डॉट अफिनिटी' या सेटिंगने व्हिमच्या एक्स्टेन्शनला स्वतंत्र होस्ट दिला. थोडी मेमरी जास्त जाते, ती जाऊ दे.

जाता जाता फाइलींवर नजर ठेवणाऱ्याचंही बघितलं. रोज उतरवलेल्या भावांचं फोल्डर 'वॉचर एक्स्क्लूड'मध्ये टाकलं. लिनक्सवर अशी नजर ठेवायला कर्नलची, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याची मर्यादा असते, ती ५,२४,२८८ पर्यंत वाढवायला सांगतात. पण प्रत्येक नजरेला १,०८० बाइट लागतात, सगळ्या वापरल्या तर ५४० एमबीच्या आसपास. आधी नको ती फोल्डरं वगळावीत, मग आकडा वाढवावा.

एक गोष्ट बिघाड वाटली आणि निघाली नाही. मराठी मजकुराच्या फाइलमध्ये काही शब्दांत पिवळी चौकट दिसायची: 'शेतकऱ्यांसाठी'मध्ये, 'व्यापाऱ्यांना'मध्ये, पण सगळीकडे नाही. चौकटीवर माउस नेला तर यू+२००डी, न दिसणारं अक्षर. आपला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एक, नुक्तावाला ऱ, हलंत आणि य. दुसरा, साधा र, हलंत, त्यामागे न दिसणारा जोडक आणि य. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. भाषांतर तपासणाऱ्या मॅडमचा कीबोर्ड एक पद्धत वापरायचा, माझा दुसरी. कोडमध्ये न दिसणारी अक्षरं लपवून फसवाफसवी होऊ नये म्हणून एडिटर ही चौकट दाखवतो. ती बंद करायचं सेटिंग आहे, तरी मी चालू ठेवली, कारण तिच्यामुळेच कळलं की ॲपमध्ये 'शेतकऱ्यांसाठी' शोधल्यावर निम्म्या नोंदी का गायब असतात. मॅडमना फोन केला तर त्या म्हणाल्या, "अहो, पण मला तर दोन्ही बरोबरच दिसतायत." दिसणारच! शेवटी फाइल सेव्ह होताना सगळं एका पद्धतीत आणणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली.

टर्मिनलमधली देवनागरी तेवढी अजून फुटकीच आहे. तिथे प्रत्येक अक्षराला मोजून एक चौकट मिळते आणि वेलांट्या, जोडाक्षरं त्या जाळीत बसत नाहीत. मराठी लॉग, म्हणजे प्रोग्रॅमने लिहिलेल्या नोंदी, वाचायचा असला की तो फाइलमध्ये वळवतो आणि एडिटरमध्ये उघडतो.